टकळी की चरखा? विणण्यासाठी स्वतः सूत कातू पाहणाऱ्यांसाठी तुलना

टकळी (चकती लावलेली, हाताने फिरवून सूत कातायची काडी) घ्यावी की चरखा, असे कोणी विचारले की मी आधी उलट विचारते: त्या सुताचे विणणार काय? टोपी, मोज्यांचा जोड किंवा गळ्याभोवती घ्यायची पट्टी एवढाच बेत असेल तर माझे उत्तर एक असते आणि मोठ्या माणसाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर डोक्यात असेल तर दुसरे. बहुतेक जण मात्र वेगाची तुलना करून मोकळे होतात आणि चरखा भराभर चालतो म्हणून तोच श्रेष्ठ, असे धरून चालतात. छंदापुरते कातणाऱ्याला ही तुलना अपुरी पडते. रोज किती वेळ मिळतो, तो सलग मिळतो की तुकड्यातुकड्यांनी, खांदा दुखतो की गुडघा, आणि कातलेले सूत सुयांवर कसे वागते, यांचाही हिशेब वेगाच्या जोडीने करावा लागतो.

त्याआधी शब्दांचा एक घोळ मिटवायला हवा, कारण 'चरखा' या एका नावाखाली दोन निराळी यंत्रे येतात. पहिला चातीचा, म्हणजे टोकदार सळईवर सूत कातायचा चरखा. त्यात एका हाताने चाक फिरवायचे, दुसऱ्या हाताने पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या किंवा लोकरीच्या वळीतून, धागा ओढायचा आणि हातभर धागा तयार झाला की थांबून तो चातीवर गुंडाळायचा. घडी घालून ठेवता येणारा पेटी चरखा याच जातीचा. दुसरा फ्लायरचा चरखा. त्यात चाक पायाने फिरते, दोन्ही हात लोकरीसाठी मोकळे राहतात, आणि घोड्याच्या नालेसारखा दिसणारा फ्लायर पीळ देता देताच धागा बॉबिनवर, म्हणजे रिळावर, गुंडाळत जातो, त्यामुळे मध्ये थांबावे लागत नाही. चातीचा चरखा कापसासाठी उत्तम आहे. त्यावर लोकरही कातता येते, परंतु ती पिंजून, तिचे पेळू वळून, एकाच हाताने लांब ओढत कातावी लागते, आणि नवशिक्याला हे एकहाती ओढणे जमेपर्यंत उत्साह टिकेलच असे नाही. स्वेटरच्या ओढीने पेटी चरखा घेऊन नंतर तो माळ्यावर टाकणारे मी पाहिले आहेत. दोष ना त्यांचा होता ना चरख्याचा. म्हणून पुढील तुलनेत चरखा म्हणजे पायाने चालणारा, फ्लायरचा चरखा असे समजावे.

टकळीचीही एक निवड असते. लोंबती टकळी धाग्याला टांगलेली फिरते. टेकवून फिरवायची टकळी छोट्या वाटीत टोक ठेवून फिरवतात. कापसाचा तंतू साधारण 2 ते 3.5 सेंटीमीटर लांब असतो आणि पुरेसा पीळ बसण्याआधी तो कसलेही वजन पेलत नाही, म्हणून कापसाला टेकवलेली टकळीच योग्य. लोकरीचा तंतू याच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहूनही लांब असल्यामुळे ती लोंबत्या टकळीवर सुखाने कातली जाते. सुरुवातीला 25 ते 40 ग्रॅमच्या दरम्यानची टकळी घ्यावी. तिच्याहून जड टकळीने धागा जाड होतो, तर फार हलकी टकळी नवख्या हातात लवकर थांबते आणि उलटी फिरून दिलेला पीळ काढून टाकते. प्रयोगच करायचा असेल तर दोन जुन्या सीडी, एक सरळ लाकडी काडी आणि टोकाला आकडा एवढ्यावर टकळी तयार होते. एका सीडीचे वजन 15 ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे दोन सीडींची चकती आणि काडी मिळून वजन नेमके हवे तेवढे होते. चरख्याच्या बाबतीत असा घरगुती प्रयोग संभवत नाही, आणि शिकण्यासाठी मन आणि हात किती रमतात हे न पाहताच मोठा खर्च करण्याची वेळ तिथे येते.

आता आकड्यांकडे वळू. मध्यम जाडीच्या दुपदरी सुताचा मोठ्या माणसाचा स्वेटर विणायचा तर ढोबळमानाने 1200 मीटर सूत लागते. दुपदरी म्हणजे 2400 मीटर एकपदरी धागा कातायचा आणि नंतर दोन पदर एकत्र पिळताना 1200 मीटर पुन्हा हाताखालून घालायचे. एकूण 3600 मीटर. टोपीचे हेच गणित 150 मीटर सुतापासून सुरू होते आणि 450 मीटरवर संपते. चरख्याचे मोठे चाक 50 सेंटीमीटर व्यासाचे आणि फ्लायरची पुली, म्हणजे त्याला फिरवणारी छोटी चकती, 5 सेंटीमीटरची असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात फ्लायरचे दहा फेरे होतात. दर सेंटीमीटरला दोन पीळ हवे असतील तर एका फेऱ्यात 5 सेंटीमीटर आणि मिनिटाला 60 फेऱ्यांच्या चालीने 3 मीटर धागा निघायला हवा, म्हणजे 2400 मीटरला साडेतेरा तासांच्या आतबाहेर. प्रत्यक्षात लोकर हातात घेणे, तुटलेला धागा जोडणे, बॉबिन बदलणे यांत बराच वेळ जातो, तरीही काही आठवड्यांच्या संध्याकाळी स्वेटरचे सूत होते. लोंबत्या टकळीचा वेग फिरण्यात कमी पडत नाही, तो गुंडाळण्यात जातो. उभे राहून कातले तरी टकळी जमिनीला टेकेपर्यंत जेमतेम मीटरभर किंवा थोडा अधिक धागा होतो. मग थांबायचे, आकड्यातून धागा सोडवायचा, कुकडीवर, म्हणजे टकळीच्या काडीवर साठत जाणाऱ्या सुताच्या गुंडीवर, गुंडाळायचा, पुन्हा अडकवायचा. स्वेटरसाठी हे सुमारे दोन हजार वेळा करावे लागेल. अखंड बोलणाऱ्याची आपण 'टकळी चालू आहे' म्हणतो खरे, पण खरी टकळी दर मीटरला गप्प बसते.

म्हणून टकळीवर स्वेटर होत नाही, असे मात्र कोणी समजू नये. चरखा येण्याच्या हजारो वर्षे आधीपासून माणूस टकळीच्याच धाग्याचे कापड अंगावर घेत आला आहे, आणि युरोपात फ्लायर 15व्या शतकात दिसू लागला तो एवढ्या प्रवासाच्या मानाने अलीकडचाच. टकळीची खरी बाजू वेळेच्या तुकड्यांत आहे. ती पिशवीत मावते, कुणाची वाट पाहताना बाहेर काढता येते, दोन मीटर कातून पुन्हा ठेवता येते. ज्यांचा दिवस दहा-दहा मिनिटांच्या फटींचा असतो, त्यांचे सूत महिन्याअखेर चरखा असलेल्यांपेक्षा जास्त भरलेले मी पाहिले आहे, कारण चरख्यापुढे बसायला सलग अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास कित्येक दिवस उगवतच नाही.

शिकण्याच्या दृष्टीने दोन्हींतला फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कातणे म्हणजे एकाच वेळी दोन कामे: हवे तेवढेच तंतू सोडणे आणि त्यांत पुरेसा पीळ जाऊ देणे. टकळीवर ही दोन्ही कामे सुटी करता येतात. टकळी फिरवून पीळ साठवायचा, ती गुडघ्यांत धरून ठेवायची आणि मग निवांतपणे, चिमूट सरकवत, त्या साठलेल्या पिळात तंतू सोडायचे. पीळ चिमटीपाशी येऊन अडतो, चिमूट सैल केली की ओल्या वाटेवरून पाणी पसरावे तसा पुढे सरकतो, आणि भुरभुरीत लोकरीचा डोळ्यांदेखत धागा होतो. हे एकदा दिसले की कातणे समजले. चरख्यावर ही उसंत मिळत नाही. चाक फिरत असते, फ्लायर ओढत असतो, पाय थांबला तर चाक उलटे जाते, आणि नवशिक्याची पहिली बॉबिन बहुधा केसांच्या बटेसारखी अतिपिळाने वळलेल्या धाग्याने भरते. लोकर हातात न घेता दोन-तीन दिवस नुसते पाय मारून चाकावर ताबा मिळवला तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

चुकांशी वागण्याचीही दोघांची तऱ्हा वेगळी आहे. पीळ कमी पडलेला धागा टकळीचे वजन पेलू शकत नाही. तो तिथल्या तिथे सुटतो आणि टकळी खाली आपटते. तो टणत्कार लाजिरवाणा असला तरी चूक कुठे झाली ते लगेच कळते. चरखा असा धागा मुकाट्याने आत ओढून घेतो आणि ती चूक पदर पिळताना किंवा थेट सुयांवर, टाका ओढताना धागा हातात आल्यावर उघडी पडते. माझ्या पहिल्या चरख्यावरच्या स्वेटरची पुढची बाजू छातीपर्यंत विणून झाल्यावर खिडकीच्या उजेडात धरली, तर मध्ये चार बोटे रुंदीचा एक पट्टा स्पष्ट दिसला: टाके तेवढेच, सुया त्याच, पण सूत बारीक. तिसऱ्या बॉबिनपर्यंत हात सरावला होता आणि नकळत बारीक कातू लागला होता. तेवढा भाग उसवला. तेव्हापासून सुरुवातीच्या धाग्याचा वीतभर तुकडा पुठ्ठ्यावर गुंडाळून चरख्याला टांगून ठेवते आणि मध्येच थांबून चालू धागा त्याच्या शेजारी धरून पाहते. शिवाय मोठे काम विणताना दोन लड्या एकाआड एक, दर दोन ओळींनी बदलत घेते, म्हणजे उरलेला फरक पट्ट्यासारखा दिसत नाही.

हा दोष टकळीवर वेगळ्या रूपाने येतो. कुकडी भरत जाते तशी टकळी जड होते आणि धाग्यावरचा ताण वाढतो, त्यामुळे सुरुवातीचा आणि शेवटचा धागा सारखा राहत नाही. कुकडी फार फुगू न देता काढून ठेवणे आणि पदर पिळताना पहिल्या कुकडीची जोडी शेवटच्या कुकडीशी लावणे हा त्यावरचा उपाय आहे.

सुयांवर गेल्यावर सूत कोणत्या साधनाचे आहे हे ओळखता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. विणलेल्या कापडाचा पोत ठरतो तो लोकर विंचरलेली आहे की पिंजलेली, ती जवळून ओढली की लांब, आणि किती पदर पिळले यावर. विंचरलेल्या लोकरीचे तंतू समांतर असतात. त्या सुताचे टाके उठून दिसतात आणि ते झिजतही कमी. पिंजलेल्या लोकरीच्या पेळूपासून कातलेल्या सुतात हवा अडकून राहते, म्हणून ते हलके आणि उबदार लागते. लांब ओढीचे कातणे चरख्यावर अधिक सहज होते, तर जवळून ओढून घट्ट, गुळगुळीत सूत काढणे दोन्हींवर सारखेच जमते. एकपदरी, जास्त पिळाचे सूत थेट विणायला घेतले तर साधे सुलट विणकाम एका बाजूला तिरके सरकते. उलट दिशेने दोन पदर एकत्र पिळले की पीळ तोलला जातो. त्यानंतर लडी कोमट पाण्यात वीस मिनिटे भिजवून, न चोळता, न पिळता वाळवावी. लोकरीला उष्णता आणि चोळणे एकत्र मिळाले तर तिचा नमदा होतो, म्हणजे तंतू एकमेकांत गच्च गुंततात.

शरीराचा विचार बहुतेक जण उशिरा करतात. लोंबत्या टकळीला हात छातीच्या वर धरावा लागतो, म्हणून मान आणि खांदा धरणाऱ्यांनी टेकवलेली टकळी किंवा चरखा पाहावा. चरख्याला पाठ सरळ ठेवणारी, हात नसलेली खुर्ची लागते. गुडघा किंवा घोटा कुरकुरत असेल तर दोन पॅडलांचा चरखा एका पॅडलच्या चरख्यापेक्षा सोसवतो, आणि पाय अजिबात चालवायचे नसतील तर विजेवर चालणारा फ्लायरही मिळतो. जागा, देखभाल आणि आवाज या बाबतींत टकळीशी कोणाचीच बरोबरी नाही. चरख्याला मात्र सांध्यांत तेलाचे थेंब, सैल पडणारी माळ (चाकाची गती फ्लायरला देणारी दोरी) आणि ब्रेकच्या दोरीचा ताण यांकडे नियमित लक्ष हवे.

माझा कल विचाराल तर, पहिली दोन-तीनशे ग्रॅम लोकर टकळीवर कातावी. तीही अतिमऊ मेरिनो नको, कारण तिचे बारीक, निसरडे तंतू नवख्या चिमटीतून निसटतात. कॉरिडेलसारखी मध्यम जातीची लोकर हाताला धरते. त्या सुताची टोपी विणून झाल्यावरही हात शिवशिवत असतील आणि घरात सलग अर्धा तास बसण्याची जागा व सवड असेल, तर चरखा घ्यावा. कातण्यापेक्षा विणण्यातच खरा जीव रमतो असे टोपीपर्यंत कळले, तर तयार सूत घेऊन विणत राहण्यात काहीही कमीपणा नाही. मधला मार्गही आहे: सवडीच्या फटींत टकळीवर एकपदरी धागा कातत राहायचे आणि कुकड्या साठल्या की एका सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या कुणाच्या चरख्यावर सगळे पदर पिळून घ्यायचे. पदर पिळणे हे टकळीवरचे सर्वांत कंटाळवाणे काम आहे आणि चरख्यावरचे सर्वांत भरभर होणारे.

जुना चरखा मिळत असेल तर तो देखणा आहे म्हणून घेऊ नये. माझ्याकडे असाच एक आला होता. तेल लावून चमकवलेला, पण चाक किंचित वाकलेले आणि माळ दर चार मिनिटांनी उतरणारी. चाक हाताने सावकाश फिरवून ते एका प्रतलात फिरते का, ते मागून पाहावे. फ्लायरच्या बाहूंना तडा नाही ना, बॉबिन किमान तीन आहेत ना, आणि तशा आणखी मिळतात की नाहीत, हे विचारावे. दोन बॉबिनवर कातलेले पदर पिळायला तिसरी रिकामी लागतेच.