फेस्टमध्ये क्रेडिट कार्डचा स्टॉल: अमेरिकेसारखा नियम लावायचा की आरबीआयवर सोडायचं?

भाचा कॉलेजच्या फेस्ट कमिटीत आहे, परवा फोन करून विचारतो, "मामा, एक बँक स्पॉन्सर करतेय पण त्यांना गेटजवळ क्रेडिट कार्डचा स्टॉल हवाय, देऊ का?" मी लगेच नाही म्हणणार होतो, पण साउंडवाल्याचं बिल भरायला पैसे तर हवेतच ना, म्हणून म्हटलं जरा नीट बघू.

आधी माझी गोष्ट. टीवायला असताना असाच एक स्टॉल लागला होता, फॉर्म भरा आणि सिपर न्या. लाइनीत उभा राहिलो, उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहू विचारलं तर स्टॉलवरचा पोरगा म्हणे "ट्युशन घेतोस ना, टाक काहीतरी". सिपरचं झाकण पंधरा दिवसांत तुटलं, आणि मी मिनिमम ड्यू (बिलातली भरावीच लागणारी किमान रक्कम) भरतोय म्हणजे सगळं ठीक आहे असं समजत राहिलो. उरलेल्या बाकीवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे वर्षाला ४२, हा हिशोब मला नोकरी लागल्यावर कळला.

अमेरिकेत कार्ड कंपन्या कॅम्पसवर टी-शर्ट न् पिझ्झा देऊन फॉर्म भरून घ्यायचे. मे २००९ मध्ये ओबामांनी याला लगाम घालणाऱ्या कायद्यावर, म्हणजे कार्ड अ‍ॅक्टवर सही केली, बराचसा भाग फेब्रुवारी २०१० पासून लागू झाला. २१ च्या आतल्याला स्वतःची कमाई दाखवावी लागते नाहीतर २१ च्या वरचा कोणीतरी जबाबदारी घेणारा लागतो (मी तेव्हा वीसचा होतो, "टाक काहीतरी"वर भागलं नसतं). फॉर्म भरल्याबद्दल वस्तू द्यायची नाही, कॅम्पसवर नाही आणि हद्दीपासून हजार फुटांतही नाही, म्हणजे आपल्याकडे समोरची वडापावची गाडीसुद्धा त्यात आली. शिवाय कॉलेजने कार्ड कंपनीशी केलेला करार जाहीर करायचा. आपल्याकडे तो सेक्रेटरीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ म्हणून पडलेला असतो!

पळवाटा तिथेही आहेत. बंदी हातात धरता येईल अशा वस्तूवर, रिवॉर्ड पॉइंट किंवा डिस्काउंट चालतो. आणि फॉर्म भरो न भरो सगळ्यांनाच टी-शर्ट वाटला तरी चालतो.

आरबीआयचे कार्डांचे नियम (२०२२ मध्ये मास्टर डायरेक्शन म्हणून आलेले) वेगळ्या बाजूने येतात, ते जागा बघत नाहीत, बँकेला धरतात. न मागता कार्ड पाठवायचं नाही, पाठवून बिल लावलं तर ते रद्द करायचं आणि वर दुप्पट रक्कम दंड. ३० दिवसांत कार्ड चालू केलं नाही तर ओटीपीने संमती घ्यायची, ती नाही मिळाली तर सात कामाच्या दिवसांत फुकट बंद करायचं. हे खरंच चांगलंय, सिपरसाठी फॉर्म भरणाऱ्याला नंतर शुद्धीवर यायला महिना मिळतो. अर्जदाराची स्वतःची ऐपत तपासा असंही त्यात आहे, पण ती तपासणी बँकेच्या ऑफिसात होते आणि गेटवर टार्गेट पूर्ण करणारा एजंट असतो, तिथे माझ्या भाच्याशिवाय बघणारं कोणी नाही.

म्हणून माझं मत, कार्ड आल्यानंतरचं आरबीआयवर सोडा, गेटवरचं अमेरिकेकडून उचला. पोराला सांगितलं, स्टॉल दे, पण फॉर्मच्या बदल्यात वस्तू नाही आणि पॉइंट-कूपनपण नाही असं करारात लिहून घे, करार नोटिस बोर्डावर लाव, आणि वयाची अट नको, आपल्याला ती तपासता येणार नाही, उगाच भांडणं होतील.

तर म्हणतो, "पण मामा, त्यांनी फेस्टच्या रजिस्ट्रेशनची लिस्टपण मागितलीय, सगळ्यांच्या मोबाइल नंबरसकट." म्हटलं ती दिलीस तर स्टॉल गेटवर असला काय न् नसला काय, लिस्ट देऊ नकोस, त्यापायी स्पॉन्सर गेला तर जाऊ दे, साउंडवाल्याशी मी बोलतो.