शिरोलीच्या वर्कशॉपातला रिमोट पॉवर स्विच : आठ महिन्यांनंतर

माझं मशीन शॉप कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत, घर शहरात राजारामपुरीत. मध्ये पंचगंगा. जुलै 2021 च्या पुरात महामार्गावर पाणी आलं, रस्ता बंद झाला आणि नेमका त्याच वेळी राऊटर हँग झाला. कॅमेरे दिसेनात. शेडमध्ये काय चाललंय हे कळायला काही मार्गच नव्हता.

एरवी रात्री नेट अडकलं की वॉचमन मामांना फोन करायचो, "मामा, राऊटरची पिन काढा, दहा मोजा, परत घाला." एकदा अंधारात त्यांनी कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरची पिन ओढली. त्यात त्यांची चूक नव्हती, सगळे अ‍ॅडॉप्टर काळेच. मग हा स्विच घेतला.

मामा जे करत होते तेच हा करतो. दर मिनिटाला इंटरनेटवरच्या एखाद्या पत्त्याला पिंग करतो, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का बघतो. सलग पाच वेळा उत्तर आलं नाही की राऊटरची वीज 15 सेकंद तोडतो आणि परत देतो. कुठूनही मोबाईलवरून हातानंही बंद-चालू करता येतं, पण त्यासाठी नेट चालू हवं. म्हणून खरी किंमत त्या आपोआप होणाऱ्या रीस्टार्टची आहे.

सेटिंगमध्ये मात्र मी पहिल्याच महिन्यात फसलो. पत्ता एकच दिला होता, गूगलचा 8.8.8.8, आणि किती वेळा तोडायचं याला मर्यादा घातली नव्हती. रस्ता खोदताना फायबर तुटली आणि हा रात्रभर राऊटर बंद-चालू करत बसला. आता 8.8.8.8 आणि क्लाउडफ्लेअर कंपनीचा 1.1.1.1 दोन्ही गप्प असतील तरच तोडतो, तेही तीनदाच. वीज दिल्यावर पाच मिनिटं थांबायला सांगितलंय, कारण फायबरचा डबा उठायलाच दोन-तीन मिनिटं घेतो. रेकॉर्डर यावर लावलेला नाही. अशी अचानक वीज तुटली तर हार्ड डिस्कला धोका. लावू नका.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो लॉगचा, म्हणजे स्विच ठेवतो त्या रीस्टार्टच्या नोंदींचा. आधी आठवड्यातून एखादा रीस्टार्ट असायचा, पाचव्या महिन्यात रोज दोन-तीन व्हायला लागले, तेही दुपारी, पत्र्याची शेड तापल्यावर. नेट आपोआप परत येत होतं म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही. मल्टिमीटर लावला. मोकळ्या अ‍ॅडॉप्टरवर 12 व्होल्ट बरोबर, राऊटर जोडला की 10 च्या खाली. उघडून बघितलं तर आतला कॅपॅसिटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, फुगलेला. नवीन अ‍ॅडॉप्टर घातल्यापासून अडीच महिन्यांत फक्त तीन रीस्टार्ट. म्हणून सांगतो, स्विच बसवून विसरू नका, रविवारी पाच मिनिटं लॉग बघाच.

तक्रार एकच. सॉकेट इतके जवळ आहेत की जाड अ‍ॅडॉप्टर शेजारी शेजारी बसत नाहीत, छोट्या एक्स्टेंशन वायरी घ्याव्या लागल्या.

आणि लाईटच गेली तर हा काही करू शकत नाही. माझा स्विच इन्व्हर्टरवर आहे, पण बॅटरी चार वर्षांची झाली, जेमतेम दोन तास टिकते. जून लागायच्या आत ती बदलून घेतोय.