क्रियापदांच्या सरावाचं जपानी ॲप: बाकी ठीक, पण ‘किरु’चं काय?

वर्गणी संपत आली, ‘नूतनीकरण करा’चे मेल सुरू झाले, म्हणून लिहितोय. जपानी क्रियापदांचे तीन गट (रूपं कशी बनतात त्यानुसार) आणि मासु (आदराचं), ते (जोडणारं), नाइ (नकाराचं), ता (भूतकाळाचं) ही रूपं तुम्हाला माहीत आहेत असं धरतो. एन-५ (जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची सगळ्यात सोपी पातळी) पुरतं ॲप छान चालतं. एन-४ च्या, म्हणजे पुढच्या पातळीच्या, वाटेला लागलात की डोकं उठवतं, कारण प्रश्न नुसत्या हिरागानात, म्हणजे फक्त उच्चार दाखवणाऱ्या लिपीत येतो. कांजी (अर्थ दाखवणारी चित्राक्षरं) नाही, अर्थ नाही.

पडद्यावर ‘किरु’ येतं आणि नाइ-रूप मागतात. कुठलं किरु? कापणे असेल तर पहिला गट: किरानाइ, किरिमासु, कित्ते. अंगात घालणे असेल तर दुसरा: किनाइ, किमासु, किते. ॲप यातलं एकच उत्तर बरोबर धरतं, दुसऱ्याला लाल फुली. ‘काएरु’चं तेच: परतणे काएरानाइ, बदलणे काएनाइ. ‘इरु’: लागणे, हवं असणे इरानाइ, माणूस किंवा प्राणी असणे इनाइ. फुली पडली की ते क्रियापद उजळणीच्या रांगेत पुन्हा पहिल्या पायरीवर. म्हणजे जे येतंय तेच रोज घोटायचं, तेही पैसे मोजून. तक्रार केल्यावर ‘ॲप काढून पुन्हा टाका’ असं उत्तर आलं. धन्य.

आवाज चालू ठेवला तर थोडी सुटका होते. तोक्योच्या उच्चारात कापण्याचं किरु ‘कि’वर उंच असतं आणि मग उतरतं, घालण्याचं सपाट जातं. परतण्याचं काएरुही ‘का’वर उंच, बदलण्याचं सपाट. पण ‘इरु’ दोन्ही सपाट, तिथे कान काही कामाचे नाहीत.

उलटा सराव, म्हणजे रूप देऊन मूळ क्रियापद विचारणं, हा तर निव्वळ जुगार. ‘कात्ते’ म्हणजे विकत घेणे किंवा पाळणे (दोन्ही काउ), जिंकणे (कात्सु), की गवत कापणे (कारु)? ‘इत्ते’ जाण्याचं, बोलण्याचं की लागण्याचं? ‘किते’ तर येण्याचंही आणि घालण्याचंही. वाक्य दिल्याशिवाय हा प्रश्न विचारूच नये.

इथवर माझे दोन तारे होते. मधल्या एका अपडेटमध्ये सेटिंगमध्ये कांजी दाखवायचं बटण आलं, म्हणून तीन. बटण मुळात बंद असतं, शोधून चालू करा. उलटा सराव अजून तसाच आहे.

चांगलंही सांगतो. रोमाजी (रोमन लिपीतलं जपानी) पूर्ण बंद करता येतं, ते पहिल्याच दिवशी करा. रोमन लिपीत मात्सु, माचिमासु, मातानाइ अनियमित वाटतं. कानात ती ता-ची-त्सु-ते-तो ही एकच ओळ आहे, आणि बाराखडी पाठ असलेल्याला ओळीतला स्वर बदलणं नवीन नाही. काउचं काआनाइ न होता कावानाइ होतं, तेवढं वेगळं लक्षात ठेवा.

साखळीचा सरावही झकास. ताबेताइ (खायचंय), ताबेताकुनाइ (खायचं नाही), ताबेताकुनाकात्ता (खायचं नव्हतं) असा एकेक दुवा जोडायला लावतात, त्यामुळे ‘ताइ’पासून पुढे सगळं इ-विशेषणासारखं (‘इ’ने संपणाऱ्या विशेषणासारखं) चालतं हे आपोआप बसतं.

ते-रूपाला मात्र नुसता तक्ता चिकटवलाय, कारण कुठेच नाही. मुळात पहिल्या गटात सगळीकडे इ-स्वर अधिक ते होतं: काकिते (लिहून), योमिते (वाचून). हेइआन काळापासून (आठव्या शतकाच्या अखेरीपासून बाराव्या शतकापर्यंतचा काळ) ते घासून काइते, योन्दे झालं. सु-वाल्यांचं हानाशिते तसंच राहिलं. इकुचं (जाणे) मात्र नियमाप्रमाणे इइते न होता इत्ते. चार ओळीत सांगता आलं असतं.

मी वर्गणी भरत नाहीये. अंकी हे कार्डांवरून उजळणी करायचं ॲप कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे (आयफोनवर विकत). कार्डाच्या पुढे कांजी, मराठी अर्थ आणि हवं ते रूप; मागे उत्तर आणि गट. सुरुवात पहिल्या गटातल्या फसव्या, म्हणजे शेवटावरून दुसऱ्या गटातल्या वाटणाऱ्या, इरु-एरुवाल्यांपासून करा: हाइरु, हाशिरु, शिरु, किरु, काएरु, इरु, शाबेरु, सुबेरु, हेरु, केरु. यांना ‘पहिला गट’ म्हणून घोकू नका, नाइ-रूपासकट घोका: हाइरानाइ, शिरानाइ, शाबेरानाइ. तो ‘रा’ तोंडात बसला की मासु आणि ते-रूप चुकत नाही.