केनियात मिशनबरोबर तीन महिने शिकवून आले, त्याचा आठ महिन्यांनंतरचा हिशोब

एप्रिलमध्ये परत आले तेव्हा वाड्यावर जो तो विचारायचा, "कसं झालं, टीचर?" आणि मी "मस्त" म्हणून मोकळी व्हायचे. तेव्हा खरंच तसं वाटत होतं. फोनमध्ये सहाशे फोटो होते आणि मुलांनी वहीच्या कागदावर काढून दिलेली फुलं. आता डिसेंबर आलाय, फोटोंचं कौतुक सरलंय. परवा जुन्या गोव्याच्या फेस्तात भेटलेल्या दोघींनी "आम्ही जाऊ का?" असं विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डिचोलीत एकतीस वर्षं मी हायस्कूलला गणित शिकवलं. मी हिंदू, देवळात सोमवारी जाणारी. म्हापशाच्या मैत्रिणीच्या ओळखीने हा ख्रिस्ती गट कळला, त्यांना गणिताला माणूस हवं होतं. फॉर्मवर ‘आपली साक्ष लिहा’, म्हणजे येशूवर विश्वास कसा बसला ते सांगा, असा रकाना होता. तो मी कोरा ठेवला आणि फोन करून सांगितलं, शिकवीन, प्रार्थनेला हात जोडून उभी राहीन, पण येशूवर बोलायला मला उभं करायचं नाही. त्यांनी मान्य केलं. पुढे दोन रविवारी ऐन वेळी माझ्या हातात माइक दिलाच. एकदा मी पाढे म्हणून दाखवले, मुलं खूश, गटप्रमुख नाराज.

गाव केनियाच्या किनारपट्टीवर, मालिंदीपासून आत, गिरियामा लोकांचं. माड, आंबे, काजू, दमट उकाडा. पहिले दोन दिवस घर सोडून आल्यासारखं वाटलंच नाही. मालिंदीत तर सेंट झेवियर १५४२ मध्ये गोव्याला येता येता थांबला होता. मोंबासाचा फोर्ट जीझस पोर्तुगीजांनी १५९३ मध्ये बांधायला घेतला, तेव्हा तिथला कारभार गोव्यातूनच चाले. तिथल्या स्वाहिली भाषेतही ओळखीचं सापडतं. टेबलाला ते ‘मेझा’ म्हणतात, आपण मेज. दुकान ‘दुका’, रंग ‘रांगी’, साबण ‘साबुनी’, आणि गणित म्हणजे चक्क ‘हेसाबू’. मी हिशोब शिकवायला आले होते आणि विषयाचं नाव घरचंच निघालं.

यावरून मला उगीच वाटलं की भाषा जमेल. आम्हाला निघण्यापूर्वी तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं. त्यातले दोन दिवस गाणी आणि नाटुकली. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेल्या इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्सचं ओवीबद्ध मराठी पुराण रायतूरच्या छापखान्यातून १६१६ मध्ये बाहेर पडलं. मध्ये सदतीस वर्षं गेली. आम्हाला तीन दिवस, तेही नाटुकल्यांसकट.

पहिला फजितवाडा घड्याळाचा. मुख्याध्यापकांनी पालकसभा ‘सा ताटू’ला सांगितली. ताटू म्हणजे तीन हे मला येत होतं, म्हणून मी दुपारी तीनला साडी नेसून हजर. शाळेत कुत्रं नव्हतं. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि ‘सा ताटू’ म्हणजे सकाळचे नऊ. सभा कधीच उरकली होती आणि पालकांशी माझी ओळख करून द्यायची राहिली ती राहिलीच.

आता मुख्य गोष्ट. पहिल्याच दिवशी मला पाचवी-सहावीचं गणित दिलं. मी खुशीत. रोज शाळेत जाताना कडुनिंबाखाली एक तरुण बसलेला दिसायचा, नीटनेटका शर्ट, हातात वही. मला वाटलं कुणी पालक असेल. तिसऱ्या आठवड्यात कळलं की तोच पाचवी-सहावीचा गणिताचा मास्तर. सरकारी नेमणूक नाही. तिथे शिक्षक कमी पडले की शाळेची समिती पालकांच्या वर्गणीतून असे मास्तर ठेवते. फुकटात गोव्याची टीचर मिळाली, म्हणून त्याचे तास काढले, आणि पगार तासांवर. पूर्ण महिन्याचे आठ हजार शिलिंग, आपले साधारण पाच हजार दोनशे. त्यातले निम्मे माझ्यामुळे गेले.

त्या रात्री मच्छरदाणीत झोप लागली नाही. माझा एकूण खर्च एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार: अठ्ठावन्न तिकिटाचे, पंचाहत्तर संस्थेची ‘सेवा वर्गणी’, बाकी लस, विमा, औषधं, खाणंपिणं. भागाकार केला. त्या मास्तरचा चौतीस महिन्यांचा पगार निघाला असता. गटप्रमुखांना सांगितलं तर म्हणाले, "देवाची योजना असते, टीचर." माझ्या मते ही योजना वेळापत्रक करणाऱ्याची होती. पंचाहत्तर हजारांपैकी शाळेला किती पोचले हे विचारलं, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

मग मुख्याध्यापकांकडे गेले. माणूस समजूतदार, त्यांनाही अवघडल्यासारखं झालं होतं. ठरलं असं, की तास मास्तरचे, मी मागच्या बाकावर. मागे पडलेली सात-आठ मुलं घेऊन कडुनिंबाखाली बसायचं काम माझं. जागांची अदलाबदल झाली म्हणा.

आणि तेव्हा कुठे मला मुलं दिसायला लागली. घरी गिरियामा, अंगणात स्वाहिली, आणि चौथीपासून शिकवण्याची भाषा इंग्रजी. माझ्या वर्गात शाब्दिक उदाहरणांना सगळे गप्प बसत, मी समजत होते की यांचं गणित कच्चं. मास्तरने तेच उदाहरण स्वाहिलीत सांगितलं, की अर्ध्या वर्गाचे हात वर. अडत होता तो ‘डझन’ हा शब्द, गुणाकार नव्हे. संख्यांची नावं तर त्यांची आपल्याहून सरळ. एकोणतीस म्हणजे ‘इशिरिनी ना तिसा’, वीस आणि नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकावरून ‘वीस नऊ म्हणायचं का’ म्हणून केवढा गदारोळ झाला होता! तेव्हा मीही नाकं मुरडणाऱ्यांत होते. कडुनिंबाखाली बसून मत बदललं.

पावकी-निमकीची युक्ती मात्र चालली. टाळ्यांवर पाव, अर्धा, पाऊण म्हणत अपूर्णांक. मास्तरने ती उचलली आणि स्वाहिलीत अशी बसवली की माझी मला ओळखू येईना.

धर्माचं म्हणाल तर तिथे शाळेत प्रार्थना रोजचीच, ख्रिस्ती आणि इस्लामी धर्मशिक्षण हे वेळापत्रकातले रीतसर विषय. त्यामुळे गावाला आमचं वावगं वाटलं नाही. मला खटकलं ते रविवारी प्रार्थनेनंतर बिस्किटं वाटणं आणि रांगेचे फोटो काढणं. मुसलमान मुलंही बिस्किटांसाठी येऊन उभी राहत, आणि ते फोटो कुठे कुठे गेले देव जाणे. त्या मुलांच्या आयांना कुणी विचारलं नव्हतं. आपल्या शाळेत कुणी परदेशी येऊन असं करू लागला तर पालक-शिक्षक संघ दुसऱ्या दिवशी दारात उभा राहील.

राहणं-खाणं झकास. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, मला शेवटपर्यंत आवडली नाही, पण चपाती आणि चहा याच नावांनी मिळतात. पैसे सगळे फोनवरून, एम-पेसावर, कोपऱ्यावरची भाजीवालीसुद्धा. आपल्याकडे यूपीआय यायच्या कितीतरी आधी, २००७ पासून.

जाणारच असाल तर कागदपत्रं नीट बघा. २०२४ च्या जानेवारीपासून केनियात व्हिसाऐवजी ऑनलाइन पूर्वपरवानगी घ्यावी लागते, पण ती काम करण्याचा परवाना नव्हे. आम्हाला "विचारलं तर फिरायला आलो म्हणा" असं सांगितलं होतं. साठीला टेकलेल्या बाईने विमानतळावर खोटं बोलायचं म्हणजे पोटात गोळाच. शाळेत शिकवण्याचा परवाना कोण काढणार, हे लेखी घ्या. पिवळ्या तापाची लस निघण्यापूर्वी निदान दहा दिवस आधी टोचून घ्या. दाखला नसेल तर परतताना इकडे विलगीकरणात बसवतात. किनाऱ्यावर मलेरिया आहे, गोळ्या डॉक्टरांना विचारून. आणि फॉर्म भरायच्या आधी शाळेलाच विचारा: मी येण्याआधी हा विषय कोण शिकवत होतं, आणि मी असताना ते काय करणार?

गुण द्यायचे तर पाचपैकी अडीच. मास्तर आणि मुलं नसती तर एकच दिला असता.

मास्तरचे अजून व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतात. गेल्या आठवड्यात त्याने दशांश अपूर्णांकावरचा फळ्याचा फोटो पाठवला, एक पायरी चुकली होती. मी कळवलं. तासाभराने उत्तर आलं की चूक मुद्दाम होती, मुलांना शोधायला दिली होती.

गट येत्या जानेवारीत पुन्हा निघतोय. मी नाही. मच्छरदाणी आणि स्वाहिली शब्दांची वही मैत्रिणीच्या हाती दिलीय. पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलंय: सा ताटू, सकाळचे नऊ.