गाईडच मालक असलेला हेरिटेज वॉक

रविवारी सकाळी 7 वाजता कसबा गणपतीपासून निघून मंडईत संपणारा हा हेरिटेज वॉक मी आईसोबत केला. त्याविषयी लिहावेसे वाटले ते मार्गापेक्षाही तो चालवणाऱ्या संस्थेमुळे. ही गाईडांचीच सहकारी संस्था आहे. प्रत्येक सभासदाचे भागभांडवल आहे, प्रत्येकाला एकच मत आहे, आणि माणशी 400 रुपयांतून कोणाला किती मिळते हे विचारल्यास मोकळेपणाने सांगितले जाते.

या मालकीचा परिणाम चालताना जाणवतो. एरवी अशा फेऱ्या एखाद्या दुकानात हमखास थांबतात, कारण गाईडची बरीचशी कमाई तिथल्या कमिशनवर अवलंबून असते. येथे तो वेळ भिडे वाड्याच्या जागेसमोर दिला गेला. 1848 मध्ये फुले दांपत्याने जेथे मुलींची शाळा सुरू केली, तेथील जुनी इमारत डिसेंबर 2023 मध्ये पाडली गेली. त्यामुळे सगळा भार सांगणाऱ्यावर येतो, आणि आमच्या गाईड ताईंनी तो समर्थपणे पेलला. पूर्वी एका हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या या ताई आज संस्थेच्या संचालक मंडळावर आहेत. मार्गाची आखणी व्हीलचेअर वापरणाऱ्या एका सभासदाने केली असल्याने बसायच्या जागा आणि स्वच्छतागृहे कोठे आहेत हे आधीच कळवले जाते. आईच्या गुडघ्यांना त्याचा किती आधार झाला, हे मीच जाणते.

शिवाजी रस्त्यावर मात्र रहदारीमुळे बोलणे नीट ऐकू येत नाही. लहान ध्वनिक्षेपक घ्यायलाच हवा.

कामगारांच्या मालकीचा धंदा टिकत नाही, असे अनेकांना वाटते. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसे बंद करायला घेतली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनीच सहकारी संस्था काढल्या आणि 1957 पासून इंडियन कॉफी हाउस चालवून दाखवले. पुण्यात तर कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही संस्था आपल्या रोजच्या पाहण्यातली आहे. पर्यटनात पावसाळ्याचे मंदीचे महिने कठीण जातात. कायद्याने नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो, तो अशा वेळी संस्थेच्या पाठीशी उभा राहू शकतो.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. येथे शिकाऊ गाईडांना पहिले वर्षभर सभासदत्व मिळत नाही, म्हणजे मतही नाही. भागाची रक्कम मानधनातून हप्त्याने कापून घेण्याची सोय असताना एवढा काळ थांबवणे मला पटले नाही, आणि मी ते ताईंना तेथेच सांगितले. हा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे असल्याचे त्या म्हणाल्या.