दुबई की नैरोबी? उद्यमबागेतून पहिला कंटेनर सुटण्याआधी

आयईसी (आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी कोड) काढून झालं, नमुने तयार आहेत आणि आता माल पाठवायला पहिला देश कोणता, इथं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले बरेच छोटे कारखानदार अडतात. पंपाचे भाग, कास्टिंग, शेतीची छोटी यंत्रं असला माल असेल तर फिरून फिरून दोनच नावं निघतात: दुबई आणि नैरोबी. मी दोन्हीकडे माल पाठवला आहे. काजू किंवा गुळाचं गणित निराळं असेल, तेवढी सूट धरून वाचा.

कागदावर दुबईला तोड नाही. भारत-यूएई करार १ मे २०२२ पासून लागू आहे. ओरिजिन सर्टिफिकेट (माल भारतातच बनल्याचा दाखला) बरोबर जोडलं की बऱ्याच मालाला तिकडे ड्युटी लागत नाही. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला, म्हणजे गिऱ्हाईक चलनाचं रडगाणं गाऊ शकत नाही. व्हॅट ५ टक्के. तिथे कंपनी काढायची तर ५१ टक्के स्थानिक भागीदार लागतो असं आपल्याकडे अजून ठासून सांगतात, पण २०२१ पासून बहुतेक धंद्यांना ती अट उरलेली नाही. करच नाही, हेही जुनं झालं. २०२३ पासून ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के द्यावे लागतात.

केनियात व्हॅट १६, कंपनीकर ३०, शिवाय आयातीवर ड्युटीखेरीज डिक्लरेशन फी आणि रेल्वेची लेव्ही. शिलिंगचं तर विचारू नका. जानेवारी २०२४ मध्ये डॉलरला १६० च्या घरात होता, दोन-तीन महिन्यांत १३० च्या आसपास आला. त्याच वर्षी जूनमध्ये करवाढीच्या विधेयकावरून लोक नैरोबीच्या संसदेत घुसले आणि राष्ट्राध्यक्ष रुटोंना ते मागे घ्यावं लागलं.

क्रमवारी बघणाऱ्यांसाठी: जागतिक बँकेच्या ‘डूइंग बिझनेस’मध्ये २०२० साली यूएई १६ वा, केनिया ५६ वा. ही यादी बँकेनं २०२१ मध्ये बंदच केली. चार देशांच्या आकड्यांत गडबड सापडली होती, त्यात यूएईही होता. दुरुस्तीनंतर त्याचा क्रमांक हलला नाही, हे खरं. पण मुळात ती यादी मुख्यतः त्या देशातल्या कंपनीचे नियम मोजायची. आपल्यासारख्या बाहेरून माल धाडणाऱ्याला त्यापेक्षा ईसीजीसी, म्हणजे निर्यातीचे पैसे बुडू नयेत म्हणून विमा देणारी सरकारी कंपनी, जास्त उपयोगी. ते देशांना ए१ पासून डीपर्यंत सात पायऱ्यांवर बसवतात आणि विमा देताना तुमची नेमकी पार्टीही तपासतात.

मग मी नैरोबीकडे का कललो? पैसे बुडाले म्हणून नव्हे. दुबईच्या पार्टीला तिच्या गिऱ्हाइकांकडून पुढच्या तारखांचे चेक मिळायचे, ते वटले की मला टीटी, म्हणजे बँकेतून थेट पैसे. नव्वद दिवस म्हणता म्हणता एकशेवीस व्हायचे, पण पैसे यायचे. वैताग दुसऱ्याच गोष्टीचा होता: माल शेवटी कुठे जातो, ते कळत नसे. माझे इम्पेलर (पंपातली पात्यांची चक्री) दुबईच्या जबेल अली बंदरात उतरायचे आणि तिथून पुढे कुठल्या तरी देशात जायचे. कुठल्या, ते व्यापारी सांगत नसे. सांगेल कशाला? तीच तर त्याची कमाई. एकदा व्हॉट्सॲपवर फोटो आला. पात्यांच्या कडा झिजून गोल झालेल्या, आणि माझा कास्टिंग नंबर ग्राइंडर मारून उडवलेला. पाणी कसलं, वाळू आहे का, मोटर किती आरपीएमची, सगळं विचारलं. उत्तर आलं, “भाई, अगली बार अच्छा भेजना.” अच्छा म्हणजे काय करायचं, ते मी कुणाला विचारू?

नैरोबीचा वैताग वेगळा. तिथे पीव्हीओसी आहे, म्हणजे माल निघण्याआधीच इकडे तपासणी होऊन सर्टिफिकेट ऑफ कन्फॉर्मिटी लागतं. तपासणीची तारीख मिळेपर्यंत माल पॅक होऊन शेडमध्ये पडून. मग न्हावा शेव्याची बोट चुकते आणि फॉरवर्डर (माल बोटीवर चढवून देणारा एजंट) आपल्यालाच ऐकवतो. वरचेवर पाठवणाऱ्यांसाठी माल नोंदवून ठेवायचा मार्ग आहे, त्यानं त्रास कमी होतो, संपत नाही. २०२३ मध्ये तिकडच्या बँकांत डॉलरची टंचाई झाली तेव्हा माझं बिल तुकड्या-तुकड्यानं आलं. पण पुढचा तुकडा कधी येणार, ते दुकानदार आधी फोन करून सांगायचा.

आणि तक्रार आली तीही त्याच्याकडूनच, थेट बोअरवरून व्हिडिओसकट. बादलीच्या तळाला बोटभर वाळू स्पष्ट दिसत होती. आम्ही पात्याची जाडी वाढवली, वेअर रिंग (झीज सोसणारी कडी) बदलली, आणि तो पीस आता इथल्या गिऱ्हाइकांनाही देतो. दुबईतून असलं काही शिकायला मिळालं नाही. कदाचित मला व्यापारीच तसा भेटला असेल. तिथे थेट वापरणाऱ्याला विकणारेही आहेत.

कोर्टकचेरीचा विचार आपण छोटे लोक फारसा करत नाही. तरी केनियात कायदा इंग्रजी वळणाचा आणि कागद इंग्रजीत. दुबईत डीआयएफसी या वित्तीय केंद्राची इंग्रजीत चालणारी कोर्टं सोडली तर कामकाज मुख्यतः अरबीत. जमिनीचा कन्नड उतारा दुसऱ्याकडून वाचून घेणाऱ्याला ती धास्ती वेगळी सांगायला नको.

तुमचा माल ठरावीक असेल, ॲडव्हान्स मिळत असेल आणि पुढे तो कुणाच्या नावानं विकला जातो याचं सोयरसुतक नसेल, तर खुशाल दुबई धरा, पैसा लवकर फिरेल. मशीनवर स्वतःचं नाव कोरून विकायचं असेल तर मला नैरोबी बरी वाटते. फक्त रेट देण्याआधी पीव्हीओसीचा खर्च एजन्सीकडून लेखी मागवून घ्या आणि तो रेटमध्येच धरा. नंतर वेगळा मागितला तर पार्टी देत नाही.