बागेची रोजकीर्द आणि खतावणी : तिन्ही हंगामांच्या वापरानंतरचा अनुभव

इंदूरच्या लोकमान्यनगरात आमच्या घरामागे काळ्या मातीचे सात वाफे आहेत आणि गच्चीवर बऱ्याच कुंड्या आहेत. या सगळ्याचे नियोजन आणि नोंदी गेल्या जूनपासून मी दोन जाड, आखीव रजिस्टरांत आणि एका आलेख-कागदावर ठेवत आहे. पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा असे तिन्ही हंगाम या पद्धतीने पार पडले असल्यामुळे तिच्याविषयी आता खात्रीने लिहिता येईल असे वाटते.

त्याआधी मी मोबाइलवरील एक अ‍ॅप वापरत असे. ते दिसायला सुरेख होते. परंतु त्यातील पेरणीचे सारे वेळापत्रक गोठवणारी थंडी कधी संपते या एका तारखेवर बेतलेले होते, आणि माळव्यात पेरणी त्या तारखेवर ठरतच नाही. इथे पाहावे लागते ते मृगाचा पाऊस कधी स्थिरावतो आणि फेब्रुवारीअखेर ऊन कधी तापू लागते हे. परक्या हवामानाचे वेळापत्रक रोज दुरुस्त करत बसण्यापेक्षा आपले वेळापत्रक आपण लिहावे, हे मला सोयीचे वाटले.

पद्धत जुन्या पेढीवरच्या हिशेबासारखी आहे. पहिले रजिस्टर रोजकीर्दीचे असून त्यात वर्षातील प्रत्येक आठवड्याला दोन पाने आधीच तारखा घालून राखलेली आहेत. दुसरे खतावणीचे असून त्यात प्रत्येक वाफ्याचे स्वतंत्र खाते आहे. केलेले काम दोन्हींकडे नोंदवायचे आणि त्याच बैठकीत त्या कामातून पुढे निघणारे काम रोजकीर्दीच्या पुढच्या पानावर लिहून ठेवायचे, हा या पद्धतीचा गाभा आहे. मेथी पेरली की चार आठवड्यांनंतरच्या पानावर ‘वाफा ५, मेथी उपटणे, जागा मोकळी’ असे तेव्हाच लिहिले जाते. नुसती डायरी काय घडले ते सांगते. पुढची पाने अशी भरत गेली की सोमवारी सकाळी रजिस्टर उघडताच त्या आठवड्याची कामे समोर येतात. नियोजन आणि नोंद ही दोन वेगळी कामे उरत नाहीत, आणि माझ्या मते या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

खतावणीतील एक पान कसे दिसते ते सांगते. ‘वाफा ३. १४ ऑक्टोबर : भेंडी काढली, शेणखत दोन घमेली. १८ ऑक्टोबर : वाटाणा, रात्रभर भिजवलेला, चार बोटे अंतर. २६ ऑक्टोबर : उगवण झाली, भिंतीकडची ओळ विरळ. ५ डिसेंबर : फुले. २९ जानेवारी : खालच्या पानांवर भुरी. २० फेब्रुवारी : वेल कापले, मुळे मातीतच ठेवली.’ एवढ्या सहा ओळींतून पुढच्या वर्षासाठी दोन निर्णय मिळाले. भिंतीकडच्या ओळीत वाटाण्याऐवजी सावली सोसणारा पालक येईल, आणि भुरी हा बुरशीरोग वेळेत दिसावा म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्याच्या पानावर ‘वाफा ३, खालची पाने तपासणे’ ही सूचना आताच लिहून झाली आहे.

आमच्या सासूबाई पेरणीची वेळ नक्षत्रांवरून सांगतात, आणि ती पद्धत नोंदवहीला चांगली मानवते असा माझा अनुभव आहे. पावसाची नक्षत्रे सूर्याच्या गतीवर ठरत असल्याने मृग दरवर्षी ७-८ जूनच्या आणि हस्त २६-२७ सप्टेंबरच्या सुमारासच लागते. सणांचे तसे नाही. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, तर २०२५ मध्ये ते ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच आले. ‘दिवाळी झाल्यावर लसूण लावला’ ही नोंद त्यामुळे पुढच्या वर्षी तीन आठवड्यांनी चुकीची ठरू शकते. म्हणून मी प्रत्येक पानावर इंग्रजी तारीख आणि नक्षत्र दोन्ही लिहिते.

कंपोस्टचे खातेही स्वतंत्र आहे, आणि इंदूरकर म्हणून ते मला विशेष प्रिय आहे. कंपोस्ट करण्याच्या ज्या पद्धतीला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात, ती याच शहरात १९२४ ते १९३१ या काळात इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी विकसित केली, आणि १९३५ मध्ये इंदूरला आलेल्या गांधीजींनीही ती पाहिली होती. या पद्धतीत थर लावलेला ढीग साधारण पंधरवड्याने, महिन्याने आणि दोन महिन्यांनी उलटायचा असतो आणि तीन महिन्यांत खत तयार होते. ढीग रचला त्याच दिवशी या चारही तारखा रोजकीर्दीत पुढे लिहिल्या की खत आणि ते घालायचा वाफा यांची वेळ आपोआप जुळते.

पाण्याच्या नोंदीचा मला अपेक्षेपेक्षा अधिक उपयोग झाला. सरळ बाजूंच्या डब्यात साठलेले पाणी पट्टीने मोजायचे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. म्हणजे चार चौरस मीटरच्या वाफ्यावर दहा मिलिमीटर पावसाने चाळीस लिटर पडले. ही नोंद समोर असली की पावसाच्या उघडिपीत किती दिवस थांबता येईल हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. १९७८ पासून या शहराला सुमारे सत्तर किलोमीटरवरून उचलून आणलेले नर्मदेचे पाणी मिळते. ते भिजलेल्या मातीत ओतणे योग्य नव्हे, आणि काळी माती तुंबली की मुळे कुजतात ते वेगळेच.

आलेख-कागदावर वाफ्यांचा कायमचा नकाशा आहे. त्यावर प्रत्येक हंगामाचा एक बटर पेपर ठेवते. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा एकाच कुळातील असल्याने त्यांना एकच, लाल रंग दिला आहे. कागद एकावर एक ठेवले की लाल रंगावर लाल येतो का, म्हणजे त्याच वाफ्यात तेच कूळ पुन्हा आले का, ते लगेच दिसते.

बियाण्याच्या पाकिटाचे लेबल कापून संबंधित खात्यात चिकटवते, कारण त्यावर लॉट क्रमांक, उगवणक्षमता, तपासणीची तारीख आणि वैधता छापलेली असते. एका दुकानातून आणलेला दुधी जवळजवळ उगवलाच नाही, तेव्हा लेबल पाहिल्यावर वैधता खरेदीपूर्वीच संपली होती हे कळले. आता बियाणे आणल्यावर दहा बिया ओल्या फडक्यात ठेवून किती मोडावल्या तो आकडा लेबलाशेजारी लिहिते.

उणिवाही आहेत. वर्षभरात भेंडी किती निघाली हे काढायला पाने उलटून बेरीज करावी लागते, आणि तिथे संगणकावरील तक्ता निश्चितच सरस आहे. शोध घेण्याची सोय नाही, त्यामुळे शेवटच्या पानांवर रोग आणि किडींची सूची ठेवावी लागली. जेल पेनची शाई ओल्या हाताने पसरते. बॉलपेन किंवा पेन्सिलच वापरावी. रजिस्टर भिजले तर सर्व जाईल, म्हणून महिनाअखेरीस पानांची छायाचित्रे काढून ठेवते. ज्यांची बाग चार कुंड्यांची आहे, त्यांना दोन रजिस्टरांचा खटाटोप नको. त्यांना आठवड्यांची पाने असलेले एकच पुरे.

गच्चीवरील सर्व कुंड्यांचे एकच खाते मात्र अपुरे पडले, कारण पश्चिमेच्या कठड्याजवळच्या कुंड्या एप्रिलपासून दोन वेळा पाणी मागतात आणि टाकीच्या सावलीतल्या एकाच वेळेत भागवतात. या मृगापासून गच्चीची तीन खाती केली आहेत : कठडा, टाकीची सावली आणि मांडव.